चालक आढळला नाही

एसटीतून रिटायर झाल्यावर बाबांनी पहिलं वर्षभर घरातच कंडक्टरी केली. पाहुणे दारात उभे राहिले की "मधात उभे राहू नका, मागं लय जागा हाय" म्हणून त्यांना थेट स्वयंपाकघराकडे लोटायचे. सकाळी मी मंगरूळपीरला कॉलेजवर निघाले की अंगणातून ओरडायचे, "सुट्टे घेतले काय वं?" शेवटी एक दिवस आई वैतागून म्हणाली, "अवो, तुमी विहारात जाऊन बसत जा. तथी तरी कोणी तिकीट काढन."

बाबा खरंच गेले. विहाराच्या मागे एक खोली होती. तिच्यात सतरंज्या, भोंगा आणि तीन पायांच्या खुर्च्या पडून असायच्या. बाबांनी ती झाडून घेतली, दारोदार फिरून पुस्तकं गोळा केली आणि वाचनालय उघडलं. तेवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण आमच्या वस्तीतल्या मुली आणि सुना मराठी टायपिंगच्या परीक्षेसाठी बसने मंगरूळपीरला क्लासला जायच्या, आणि बस चुकली की क्लास बुडायचा. कोणाची बस चुकली की बाबांना तो स्वतःचाच अपमान वाटायचा. त्यांनी ठरवलं, क्लासच गावात आणायचा.

एका दुपारी आमच्या दारात मालवाहू रिक्षा उभी राहिली. बाबा पुढे हात हलवत उलटे चालत होते, "येऊ दे, येऊ दे, येऊ दे... बस!" रिक्षात तुरीच्या काड्या रचाव्यात तसे कॉम्प्युटर रचलेले. वाशिमच्या कुठल्याशा संस्थेने ते भंगारात काढले होते, आणि तिथला शिपाई बाबांच्या गाडीचा जुना पासवाला.

"बाबा, हे काय आणलं?"

"कॉम्प्युटर. तू याच लाइनीतली हायेस ना?"

मी कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये सहायक आहे. म्हणजे याच लाइनीतली आहे, हे खरं.

"बाबा, हे मेलेले हायेत."

"नाडी पाह्यली काय तू? आंदी पाह्य, मंग मयत जाहीर कर."

पहिल्याच डब्याचं झाकण काढलं तर आत कुंभारीण माशीने मातीचं नीटनेटकं घर बांधलेलं. दुसऱ्यात पालीची अंडी. तिसऱ्यातून एवढी धूळ निघाली की आई झाडू घेऊन आली आणि झाडू घेऊनच परत गेली. "हे घरात आलं त मी माहेरी जाते," एवढं ती म्हणाली. तिचं माहेर आमच्या मागच्या गल्लीत आहे, त्यामुळे या धमकीला घरात फारसं वजन नव्हतं. पण तिचा मान म्हणून सगळं सामान आम्ही व्हरांड्यात मांडलं.

त्या डब्यांतला एक सुरू झाला. स्क्रीनवर उजेड आला, काहीतरी फिरायला लागलं आणि फिरतच राहिलं. बाबांनी चहा घेतला, पेपर वाचला, शेजारच्या काकांशी रानडुकरांनी उकरलेल्या हरभऱ्याबद्दल बोलून घेतलं. परत आले तरी फिरणं चालूच.

"हे कोणती गाडी हाय वं? पोहरादेवीच्या जत्रेतली गाडी याच्या आंदी सुटे. तिच्या टपावर माणसं असत तरी सुटे."

मी त्यांना समजावलं की मशीन जुनं असलं तरी धडधाकट आहे, त्याच्यावर लादलेली सिस्टीम त्याच्या ताकदीबाहेरची आहे. शिवाय आत इतके व्हायरस आहेत की त्यांची ग्रामपंचायत होईल. यावर एकच इलाज, सगळं पुसून लिनक्स टाकायचं. ते हलकं असतं, जुन्या मशीनवर पळतं आणि फुकट असतं.

मी 'फुकट' म्हणाले आणि बाबांच्या कपाळावर आठी पडली.

"कोणी बनवलं?"

"जगभरातल्या लोकांनी. आपापल्या घरी बसून."

"त्यायले पगार?"

"बऱ्याच जणांले नाही."

"मंग ते खातात काय?"

या प्रश्नाचं उत्तर मला शिकवणाऱ्या कोणत्याही सरांनी कधी दिलं नव्हतं. मी म्हटलं, दुसरीकडे नोकरी करत असतील आणि उरलेल्या वेळात हे करत असतील. बाबांनी चष्मा काढून पुसला. मग मान हलवून म्हणाले, "म्हणजे दान हाय. सरळ सांग ना. पौर्णिमेले बाया विहारात खीर करतात, तसं." आणि त्या क्षणापासून बाबा लिनक्सचे झाले. एखाद्या गोष्टीचा अर्थ लागला की त्यांना बाकी तपशील लागत नसे.

विहाराच्या कमिटीला मात्र तपशील हवे होते. संध्याकाळच्या वंदनेनंतर बैठक बसली. अध्यक्ष वीज खात्यातून निवृत्त झालेले, शंका काढण्यात तरबेज.

"बेटा, फुकट हाय म्हणतेस. म्हणजे चोरीचं असन."

"नाही काका. उलट आतापर्यंत या मशीनवर होतं तेच चोरीचं होतं."

"अरे! पण आमच्या पोराच्या कॉम्प्युटरमधी तेच हाय. बसस्टँडजवळच्या दुकानवाल्यानं टाकून देल्लं. पैसे घेतले, पक्कं बिल देल्लं."

"त्यानं फक्त टाकायचे पैसे घेतले. माल चोरीचाच."

अध्यक्ष अस्वस्थ झाले. चोरीच्या मालाचं पक्कं बिल आणि फुकटच्या मालाचं काहीच नाही, हा हिशोब त्यांच्या बुद्धीला पटेना. शेवटी बाबा उभे राहिले आणि म्हणाले, "अध्यक्ष महोदय, हे दान हाय, दानाचं बिल नसते." यावर ठराव मंजूर झाला.

खरी कसरत पुढेच होती. ही मशीनं इतकी जुनी की पेनड्राइव्ह लावला तर ओळख दाखवायला तयार नाहीत. सीडीच हवी. आजच्या काळात मंगरूळपीरच्या बाजारात कोरी सीडी मागणं म्हणजे कल्हईवाला शोधण्यासारखं. मोबाइलच्या दुकानातल्या मुलीने मला विचारलं, "सीडी म्हणजे थे शेतात पाखरं हाकलाले टांगतात थे ना?" शेवटी लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका स्टुडिओत कपाटाच्या तळाशी कोऱ्या सीड्यांचा डबा निघाला. मालकाने डबाच माझ्या हातात दिला. म्हणाला, "न्या ताई. आता नवरदेव सरळ मोबाइलमधीच लगन मागतात."

घरी आले तर सीडीचा खण उघडेना. मी बटण दाबतेय, टाचणी घालतेय. बाबा आले, डब्याच्या कुशीत एक गुद्दा घातला आणि म्हणाले, "दरवाजा असाच उघडते." खण सर्रकन बाहेर आला. आत आधीच एक सीडी. लावून पाहिली तर लग्नातली हळदीची गाणी. आतून आईचा आवाज आला, "राहू दे, बंद नको करू!" त्या दिवशी पुढचं काम झालं नाही. आई व्हरांड्यात पाय पसरून बसली, शेजारच्या काकूही आल्या, आणि हे भंगार घरात नको म्हणणारं माणूस आमच्या घरात उरलं नाही.

आठ डब्यांतून चार चालू झाले. एकाची मेमरी काढून दुसऱ्यात, तिसऱ्याचा पंखा पहिल्यात. बाबांना यात काहीच नवल वाटलं नाही. डेपोत तीन गाड्यांची एक गाडी होताना त्यांनी पाहिलेलीच होती. मी लिनक्स टाकताना ते शेजारी बसून राहायचे आणि पट्टी पुढे सरकली की थांबे पुकारायचे. "वीस टक्के, शेलूबाजार. चाळीस टक्के..." सत्तरवर पट्टी अडकली तेव्हा म्हणाले, "फाटक बंद असन." आणि खरोखरच थोड्या वेळाने पट्टी हलली.

एक गंमत राहिलीच. या मशीनच्या पोटात घड्याळासाठी एक गोल सेल असतो. तो संपलेला असल्यामुळे कॉम्प्युटर दर वेळी जागा झाला की कित्येक वर्षं मागची तारीख दाखवायचा. बाबा चष्मा सावरून ती तारीख वाचायचे आणि खूश व्हायचे. "म्हणजे आज मी ड्यूटीवर हाय! तुझी माय मले डबा काहून देऊन नाही राह्यली?" मी नवे सेल आणले तेव्हा एका मशीनचा सेल त्यांनी मला बदलू दिला नाही. म्हणाले, "त्याले राहू दे माझ्यासंगं."

भाषा मी मराठी निवडली. लिनक्सचं हे मराठी कोणी केलं असेल ते असो, फार शुद्ध केलं आहे. बंद करताना ते विचारतं, 'आपणांस खरोखर निर्गमन करावयाचे आहे का?' मला हसू आलं, पण बाबांना हे मराठी ओळखीचं वाटलं. एसटीत त्यांना जन्मभर सगळं गाव कंडक्टर म्हणत आलं आणि कागदोपत्री ते 'वाहक' होते. ड्रायव्हर 'चालक', डेपो 'आगार'. "हे आपल्या खात्यातलंच कोणीतरी दिसते," ते समाधानाने म्हणाले.

मग उद्घाटन. मी म्हटलं होतं, नको. चार जुने कॉम्प्युटर आहेत, लावून टाकू. पण उद्घाटनाशिवाय आमच्याकडे हातपंपसुद्धा पाणी देत नाही. मानोऱ्याकडचे एक पुढारी ठरले. मांडव पडला, भोंगा लागला, कॉम्प्युटरना झेंडूचे हार घातले. हाराच्या पाकळ्या पंख्यात जातील म्हणून मी एकेक हार मागे सरकवायची आणि अध्यक्ष तो पुन्हा पुढे आणायचे. पहिल्या रांगेत बसस्टँडजवळचा तो दुकानदारही येऊन बसला होता. चोरीच्या मालाबद्दल मी काय बोलले ते त्याच्या कानावर गेलं असावं. तो हाताची घडी घालून, चित्रपटाच्या शेवटी काय होणार हे ठाऊक असलेल्या माणसासारखा बसला होता.

पुढारी आले. फीत कापली. मी बटण दाबून कॉम्प्युटर सुरू केला आणि लाइट गेली.

उन्हाळ्याच्या तोंडाशी दुपारची लाइट जाते, त्यात विशेष काही नाही. पुढाऱ्यांनी त्या वेळात भाषण करून घेतलं. भोंगा बंद असल्यामुळे ते कोणाला ऐकू गेलं नाही, तरी टाळ्या पडल्या. लाइट आली. मी पुन्हा बटण दाबलं. मध्येच वीज गेल्यामुळे लिनक्सने आधी स्वतःची तपासणी सुरू केली. काळा स्क्रीन, त्यावर पांढऱ्या इंग्रजी ओळी, भराभर वर पळणाऱ्या.

"हे काय होऊन राह्यलं?" पुढारी अर्धं पाऊल मागे सरकून म्हणाले.

दुकानदार खुर्चीतून मोठ्याने म्हणाला, "उडलं! म्या आंदीच सांगतलं होतं, फुकटचं टिकत नाही."

काय होतंय ते मला माहीत होतं, पण ते मराठीत, मांडवात, पुढाऱ्यांना कसं सांगायचं ते माहीत नव्हतं. बाबा पुढे झाले. "साहेब, काई घाबराचं कारण नाही. गाडी घाटात घालाच्या आंदी डायवर खाली उतरून टायर पाह्यते का नाही? तसं हे सोताच सोताचे टायर पाहून राह्यलं."

पुढाऱ्यांचा चेहरा उजळला. ते माणसांकडे वळून म्हणाले, "पहा! माणसानं हे शिकलं पाहिजे. दररोज आपले टायर आपण पाहावे!" जोरात टाळ्या पडल्या. त्यांच्या आधीच्या भाषणापेक्षा हे बरंच सरस झालं.

तपासणी संपली, पडद्यावर निळं आकाश आणि मराठी अक्षरं आली. मी हुश्श केलं. आता पुढाऱ्यांनी दोन शब्द टाइप करायचे आणि त्याची प्रत काढून भिंतीवर लावायची, असं अध्यक्षांनी परस्पर ठरवलं होतं. पुढारी खुर्चीत बसले, एक बोट वर धरलं आणि ते बोट घार कोंबडीच्या पिलांवर फिरते तसं कीबोर्डवर फिरायला लागलं. 'शुभे' पर्यंत छान गेलं. पुढे च ला छ काही जोडला जाईना. मी सांगायला वाकले तर त्यांच्या सोबतच्या माणसाने मला डोळ्याने दटावलं. साहेबांना कोणी शिकवायचं नसतं. शेवटी 'शुभेचछा' असं झालं आणि सगळ्यांनी तेच बरोबर मानलं.

मी छपाईची आज्ञा दिली. प्रिंटर माझ्या कॉलेजमधला, दोन दिवसांसाठी मागून आणलेला. घाईत तो या मशीनला जोडून पाहायचा आणि त्याचा 'ड्रायव्हर', म्हणजे तो चालवणारा प्रोग्राम, टाकायचा राहिला होता. पडद्यावर एक चौकट उघडली. पुढाऱ्यांना मोठ्याने वाचायची सवय. त्यांनी माइकसमोर, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं वाचलं:

"चालक... आढळला... नाही."

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. दुकानदाराने हाताची घडी सोडली. आणि मांडवाच्या मधोमध उभ्या असलेल्या बाबांनी, अगदी ड्यूटीवरच्या आवाजात, उत्तर दिलं:

"साहेब, वाहक हाय हजर!"

आधी बायका हसल्या. मग सगळा मांडव हसला. पुढाऱ्यांना विनोद कळला का नाही ठाऊक नाही, पण लोक हसतायत म्हणून तेही हसले, आणि मग थांबेनात. डोळे पुसत म्हणाले, "कंडक्टरसाहेब, तुमी पैलेच काहून नाही सांगतलं, गाडीले डायवर नाही म्हणून!" दुकानदारसुद्धा हसत होता, हे मी पाहिलं. माझे गाल तापले होते. पण लोकांच्या तोंडाकडे पाहिलं तर कोणी आम्हाला हसत नव्हतं. ते बाबांसोबत हसत होते. त्या गर्दीतल्या निम्म्या माणसांनी कधी ना कधी ड्रायव्हरची वाट पाहत बाबांच्या गाडीत घाम गाळला होता.

प्रिंटर संध्याकाळी चालू झाला. 'शुभेचछा' आजही भिंतीवर आहे.

दुसऱ्या दिवसापासून खोलीत जागा पुरेना. आधी टायपिंगवाल्या आल्या, मग त्यांना पाहून दुसऱ्या आळीतले शेतकरी आले. रोह्यांनी, म्हणजे नीलगायींनी, पीक खाल्लं त्याचा अर्ज, रस्ता अडवला त्याचा अर्ज. बाबांनी पाळ्या लावल्या. पाळी संपली की शिटी. कोणी उठलं नाही तर डबल शिटी. एका खुर्चीमागे त्यांनी खडूने 'महिलांसाठी राखीव' लिहिलं, आणि बाकीच्या तीन खुर्च्यांवरही बायकाच बसायच्या. पुरुष उभ्याने गेले.

पावसाळ्यात एकदा तो दुकानदार आला. इकडेतिकडे पाहिलं, कोणी नाही म्हटल्यावर पिशवीतून एक लॅपटॉप काढला.

"मॅडम, गल्ल्यावरचा हाय. लय हळू झाला. तुमचं थे बदकवालं टाकून देता काय?"

"बदक नाही, पेंग्विन हाय. लिनक्सची निशाणी."

"असन. पण कोणाले सांगू नका."

मी टाकून दिलं. बाबा जवळच होते. त्यांनी त्याला एवढंच म्हटलं, "बिल नाही भेटनार बरं." तो गेला आणि पुढच्या आठवड्यात बंद पडलेले दोन कीबोर्ड आणि माऊसची जुडी मुकाट्याने ठेवून गेला. त्यातले बरेच चालतात.

आमच्या शेजारची एक सून होती, दोन लेकरांची आई. बारावी झालेली, घरातून कधी एकटी बसने गेलेली नाही. ती रोज दुपारी लेकराला मांडीवर घेऊन टाइप करायची. लेकरू मधेच कीबोर्डवर हात मारायचं, ती ते पुसून पुन्हा सुरू. परीक्षेच्या आदल्या दिवशी ती रडायला लागली. "ताई, आपला कॉम्प्युटर देशी हाय. तथचा मोठ्या कंपनीचा असन. माहे बोटं तथी चालतीन काय?" मी तिला सांगितलं, पडदा कसाही असो, क जिथे आहे तिथेच राहतो. तिचा विश्वास बसला नाही. तिला परीक्षेला बाबा घेऊन गेले, बसने, वाशिमला. येताना दोघं रसवंतीवर रस पिऊन आले. कसं झालं विचारलं तर म्हणाली, "क तथीच होता, ताई."

ती पास झाली. नोकरी अजून लागलेली नाही, जागा निघण्याची वाट पाहणं चालू आहे. पण रोजचा दुपारचा वर्ग आणि माझा रविवारचाही आता तीच घेते, आणि मला रविवारी झोप मिळते. शिकवताना मात्र ती कडक आहे. सासरे-जावा कोणाची भीड ठेवत नाही. बाबांनी या वर्षी हट्टाने टायपिंग शिकायला घेतलं, तेव्हा त्यांनाही तिने पहिल्या धड्यापासून बसवलं. मधल्या ओळीवर बोटं ठेवायची, खाली पाहायचं नाही, आणि त्या ओळीतल्या अक्षरांचे सोपे शब्द काढायचे.

परवा मी दारातून पाहिलं, बाबा ताठ बसले होते, जीभ दातांत धरून.

"काका, लिहा. परत."

बाबांनी मान खाली घालून मागचा शब्द पुन्हा लिहिला.

"हे नाही हो. परत लिहा."

"लिहिला ना बाई परत."

"अवो काका, शब्द लिहा. परत. प, र, त."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग खाली न पाहता तीन अक्षरं काढली. ती वाकून पडदा वाचू लागली आणि म्हणाली, "आता परत."